इजिप्तचे ‘गूढ’ कुणाच्या सोयीचे?

प्राचीन इजिप्तचा विषय निघाला की मराठी माणसाच्या जिभेवर पहिला शब्द येतो तो ‘गूढ’. पिरॅमिडचे गूढ, ममीचे गूढ, तुतनखामेनच्या शापाचे गूढ. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, दूरचित्रवाहिन्यांवरचे तथाकथित माहितीपट आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती या सर्वांनी मिळून हा शब्द इतका झिजवला आहे की त्यात अर्थ उरलेला नाही, नुसता नाद उरला आहे. आमच्या वर्गात साहित्य शिकायला येणारी, एरवी पुरेशी चिकित्सक असणारी मुलेही ‘पिरॅमिड कोणी बांधले हे विज्ञानाला अजून उलगडलेले नाही’ असे वाक्य निःसंकोचपणे लिहून जातात. मुलांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. त्यांना हे कोणी सांगितले, आणि जे सांगायला हवे होते ते आपण शिक्षकांनी का सांगितले नाही, हा खरा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या संस्कृतीने स्वतःविषयी इतके लिहून ठेवले, तिला गूढ म्हणणे ही तिचे लेखन न वाचण्याची सबब आहे. ही सबब निरुपद्रवी नाही. ज्यांनी काम केले त्यांच्या हातून ती श्रेय काढून घेते, आणि ज्यांनी लिहिले त्यांना ती मुके ठरवते.

एकेकाळी या शब्दाला काही आधार होता हे मान्य केले पाहिजे. चित्रलिपी वाचणारा शेवटचा माणूस गेल्यावर सुमारे चौदा शतके इजिप्तच्या भिंती खरोखरच अबोल होत्या. हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला तेव्हा ती लिपी जिवंत होती, पण त्याला स्वतःला ती येत नव्हती. त्यामुळे दुभाष्यांनी आणि पुजाऱ्यांनी जे सांगितले ते त्याने टिपून घेतले. एक लाख माणसे, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या, वीस वर्षे हा हिशेब त्याचाच. आपण विसरतो ते हे, की खुफूच्या पिरॅमिडला तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षे होऊन गेली होती. क्लिओपात्रा आपल्यापासून जितकी दूर, जवळजवळ तितकाच खुफू हिरोडोटसपासून दूर होता. पुढे १८२२ साली शांपोलियाँने लिपीचा उलगडा केला. त्यासाठी रोझेटाचा शिलालेख जितका उपयोगी पडला तितकीच कॉप्टिक भाषा उपयोगी पडली, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती चर्चने आपल्या प्रार्थनांतून जपलेले प्राचीन भाषेचेच शेवटचे रूप. त्या वर्षापासून ‘गूढ’ या शब्दाची मुदत संपायला हवी होती. ती दोनशे वर्षांनंतरही संपलेली नाही.

मुदत संपल्याचा सर्वात ठोस पुरावा २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे मिळाला. पिएर ताले यांच्या नेतृत्वाखालील पथकाला तेथील प्राचीन बंदरात, खडकात कोरलेल्या कोठारांच्या तोंडाशी पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून आज ज्ञात असलेल्यांत ते सर्वात जुने आहेत. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची टोळी. काम असे, की नाईलच्या पूर्वतीरावरील तुरा येथील खाणींतून उत्तम प्रतीचा पांढरा चुनखडक होड्यांत भरायचा, नदीने आणि कालव्यांनी गिझाला पोहोचवायचा, आणि रिकाम्या होड्या घेऊन पुन्हा तुराला यायचे. कोणत्या दिवशी कुठे मुक्काम केला, कधी दगड भरला, कधी निघालो, याची नोंद आहे. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ याचाही वरिष्ठ अधिकारी म्हणून उल्लेख आहे. काळ खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरचा, म्हणजे महापिरॅमिडचे काम चालू असतानाचा. धान्य आणि इतर शिधा किती आला याचे हिशेबही त्याच कागदपत्रांत आहेत.

आता विचार करा. जगातील ज्या इमारतीविषयी सर्वाधिक ‘रहस्य’ विकले गेले, तिच्यासाठी दगड वाहणाऱ्या माणसाच्या हाताखालची नोंदवही आपल्याला उपलब्ध आहे. तिच्यात ना प्रकाशस्तंभ आहेत, ना तरंगणाऱ्या शिळा. होडी आहे, दगड आहे, मुक्काम आहे, भाकरी आहे. ही नोंदवही सापडल्याची बातमी आपल्याकडे किती जणांपर्यंत पोहोचली? आणि ‘पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले’ ही बातमी किती जणांपर्यंत?

मेरेर एकटा नाही. १९९० साली गिझाच्या पठारावर एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि झाही हवास यांच्या देखरेखीखाली पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची दफनभूमी उघडकीस आली. तेथील सांगाड्यांत मणक्यांची झीज दिसते, मोडून पुन्हा सांधलेली हाडे दिसतात. म्हणजे राबवून घेतले आणि उपचारही केले. काहींच्या थडग्यांवर त्यांची नावे आणि हुद्दे कोरलेले आहेत. जवळच मार्क लेनर यांच्या पथकाने कामगारांची वसाहत खणून काढली. तिथे भाकरी भाजण्याच्या भट्ट्या मिळाल्या, गुराढोरांची आणि मेंढ्याबकऱ्यांची हाडे मिळाली. जड दगड ओढत कसा नेला, याचेही चित्र इजिप्तच्याच भिंतीवर आहे. जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जाताना दाखवला आहे आणि गाडीच्या पुढच्या टोकाला उभा असलेला माणूस वाळूवर पाणी ओततो आहे. अनेक अभ्यासकांनी हा धार्मिक विधी मानला होता. २०१४ साली अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले, की योग्य प्रमाणात ओल्या केलेल्या वाळूवर ओढण्यासाठी लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. चित्रकाराने जे पाहिले तेच काढले होते. त्याच्यावर विश्वास ठेवायला आपल्याला उशीर झाला.

हस्तलिखितांशी संबंध येणाऱ्यांना आणखी एक पुरावा विशेष पटावा. खुफूचा बाप स्नेफेरू. त्याच्या काळातील तीन पिरॅमिड क्रमाने पाहा. मैदूमचा पिरॅमिड आधी पायऱ्यांचा, मग सपाट बाजूंचा करायला घेतला, आणि त्याचा बाह्यभाग ढासळला. दहशूरचा पहिला पिरॅमिड अर्ध्यावर वाकलेला: खाली चढ सुमारे ५४ अंशांचा, वर तो ४३ अंशांपर्यंत उतरवलेला, कारण बांधता बांधता तडे जाऊ लागले. त्यानंतरचा तांबडा पिरॅमिड पहिल्यापासूनच त्या सौम्य चढाने उभारलेला. ही खाडाखोड आहे. कच्चा खर्डा, दुरुस्ती, आणि मग सफाईदार प्रत. कवीच्या वहीतील खाडाखोड दाखवून आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की कविता आकाशातून पडत नाही. दहशूरच्या वाळवंटातील खाडाखोड तर दोन-तीन मैलांवरून दिसते.

तरीही परग्रहवासी हटत नाहीत. एरिक फॉन डॅनिकेन यांचे पहिले पुस्तक १९६८ साली आले. त्या धाटणीचे विचार मराठीत रुजवणारे ‘पृथ्वीवर माणूस उपराच’ हे सुरेशचंद्र नाडकर्णी यांचे पुस्तक आमच्या पिढीने शाळकरी वयात ग्रंथालयातून आणून रात्र जागून वाचले. आम्हीही त्यावर भाळलो होतो. ते लपवण्याचे कारण नाही. पण पुढे एक गोष्ट ध्यानात आली. फ्रान्समधील उंचच उंच गॉथिक चर्च कोणी बांधली, असा प्रश्न या मंडळींना सहसा पडत नाही. प्रश्न पडतो तो इजिप्तविषयी, मेक्सिकोविषयी, पेरूविषयी. ज्यांचे वंशज आज गोरे नाहीत, त्यांच्याच पूर्वजांच्या हाताला आकाशातून मदत यावी लागते.

या यादीत आता आपलेही नाव आहे. वेरूळचे कैलास लेणे मानवी हातांनी होणे अशक्य, असे सांगणाऱ्या चित्रफिती लाखो लोक पाहतात, आणि पाहणाऱ्यांत मराठी माणूस अभिमानाने पुढे असतो. अभिमान कशाचा? आपल्या पाथरवटांना ते जमणे शक्य नव्हते, याचा? राष्ट्रकूट घराण्यातील कर्क सुवर्णवर्ष याच्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या, बडोद्याच्या ताम्रपटात या देवालयाची स्तुती आहे. तिच्यात विमानांतून जाणारे देव आहेत हे खरे. पण ते खाली पाहून थक्क होणारे प्रेक्षक आहेत. काम करणारा माणूसच आहे, आणि तोही आपल्या हातून हे कसे घडले याचे नवल करतो आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या स्तुतिपाठकाला जो भेद कळत होता, तो आजच्या निवेदकाला कळत नाही. वेरूळच्या कारागिराचे श्रेय आपल्याला प्रिय असेल, तर मेरेरच्या टोळीचे श्रेय आपण कोणत्या तोंडाने नाकारणार?

दुसरीही एक टोळी आहे, आणि ती घरचीच असल्याने तिच्याविषयी बोलणे अधिक आवश्यक आहे. हिच्या मते इजिप्तची संस्कृती मुळात आपलीच. पुरावा? ‘रामसेस’ या नावात ‘राम’ आहे! भाषाशास्त्राची एक तासिका जरी ज्याने मन लावून ऐकली असेल त्याला हे ऐकून लाज वाटावी. त्या नावाचे तुकडे ‘रा’ आणि ‘मेस’ असे पडतात; रा हा सूर्यदेव, आणि नावाचा अर्थ ‘रा-ने ज्याला जन्म दिला तो’. तेच ‘मेस’ थुतमोस या नावातही आहे, तिथे देव थोथ आहे. परग्रहवाले आणि हे रामवाले एकमेकांचे वैरी भासतात, पण दोघांचे काम एकच: इजिप्तचे कर्तृत्व इजिप्तच्या माणसाकडून काढून दुसऱ्याच्या नावावर चढवणे. गंमत अशी, की खरे नाते शोधणाऱ्याला ते मिळतेच. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात रोमन काळातील एका देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. पहिल्या शतकात इजिप्तमधील ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण, पैठण आणि तेर ही आपली गावे आहेत. हे नाते व्यापाऱ्यांचे आणि खलाशांचे आहे. त्याला रामाचा आधार लागत नाही, आणि त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही.

शापाची कथाही याच चोरीचा एक प्रकार आहे, आणि तिचा जन्म कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतनखामेनच्या थडग्याची पहिली पायरी इजिप्शियन मजुरांच्या हातून उघडी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने इजिप्तचे स्वातंत्र्य, अनेक अटी राखून का होईना, जाहीर केले होते. आणि उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हन यांनी बातम्यांचा हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकला. कैरोच्या वाचकाने आपल्याच राजाची बातमी लंडनच्या वृत्तपत्राच्या कृपेने वाचायची, अशी ती व्यवस्था होती. एप्रिल १९२३ मध्ये कार्नार्व्हन वारले, आणि ज्या वृत्तपत्रांना थडग्याची बातमी मिळत नव्हती त्यांना शापाची बातमी मिळाली. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा रीतसर पडताळा प्रसिद्ध झाला: त्या काळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी २५ जण ‘शापा’च्या टप्प्यात आले होते, आणि त्यांच्या आयुर्मानावर त्याचा काही परिणाम आढळला नाही. शाप खोटा, हे सांगणे सोपे आहे. आम्हांला खुपते ते वेगळेच. त्या शापकथेत लॉर्ड आहे, मृत राजा आहे. पायऱ्या उघड्या करणारी माणसे कुठे आहेत? कार्टरने आपल्या पुस्तकात अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सैद या चार मुकादमांचे आभार मानले आहेत. शापाच्या कथा पाठ असणाऱ्या किती जणांना यांतले एक नाव सांगता येईल?

इजिप्शियन विद्वानांचीही तीच गत. अहमद कमाल हे या विद्येतले आद्य इजिप्शियन अभ्यासक. त्यांनी प्राचीन इजिप्शियन भाषेचा २२ खंडांचा कोश सिद्ध केला. १९२३ साली ते वारले तेव्हा तो अप्रकाशितच होता. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुखपद १८५८ पासून १९५२ पर्यंत फ्रेंचांकडे राहिले. कोश रचणारा माणूस घरात बसून, आणि जगभर ‘इजिप्तचे गूढ’. वासाहतिक ज्ञानव्यवहारावर आपण इतके परिसंवाद भरवतो. त्याचे याहून बोलके उदाहरण शोधायला कुठे जायचे?

इथवर इमारतींविषयी बोललो. आता आपल्या, म्हणजे साहित्यवाल्यांच्या, अपराधाकडे वळू.

राजांच्या दरीतली थडगी कोरणारे आणि रंगवणारे कारागीर देर अल-मदिना या गावात राहत. फ्रेंच उत्खनक बेर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात हे गाव खणले, आणि चेक अभ्यासक यारोस्लाव्ह चेर्नी यांनी तिथली हजारो लिहिलेली खापरे आणि दगडाच्या चिपा वाचण्यात हयात घालवली. या खापरांवर काय नाही? ब्रिटिश म्युझियममधील एका चिपेवर दुसऱ्या रामसेसच्या ४०व्या वर्षातला हजेरीपट आहे: कामगाराचे नाव, गैरहजेरीचा दिवस, कारण. कोणी आजारी, कोणाला विंचू चावलेला, कोणाचे डोळे आलेले, कोणी बिअर गाळण्यात गुंतलेला, कोणी आईच्या अंत्यसंस्काराच्या तयारीत. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, याच गावातल्या कामगारांचे धान्य थकले, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळांपाशी जाऊन ठाण मांडले. भूक आणि तहान आपल्याला इथे घेऊन आली, अंगावर कपडा नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. नोंद असलेला जगातला हा पहिला ज्ञात संप. त्याची हकिकत असलेला पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे. जवळच मदिनत हाबूच्या भिंतींवर त्याच राजाचे विजय मैलभर कोरलेले आहेत. पर्यटकाला दाखवल्या जातात त्या भिंती.

याच गावात नाउनाख्ते नावाच्या वृद्धेने साक्षीदारांपुढे मृत्युपत्र केले. आठ मुले वाढवली, संसार थाटून दिले, पण म्हातारपणी ज्यांनी पाहिले नाही त्यांना माझ्या मिळकतीतून काही मिळणार नाही, असा त्याचा आशय. तिचा पहिला नवरा केनहेरखेपशेफ लेखनिक होता आणि त्याच्याजवळ पुस्तकांचा संग्रह होता; स्वप्नांच्या अर्थाची एक पोथी त्याच्या हाती आली, तेव्हा तिच्या पाठीवर त्याने कादेशच्या लढाईचे काव्य उतरवून काढले. कागद वाचवणारा हा पुस्तकवेडा आपल्या ओळखीचा नाही काय?

आणि शुद्ध साहित्यही आहेच. परदेशी पळून गेलेला, तिथे मानमरातब मिळूनही मरण मात्र मायभूमीत यावे म्हणून झुरणारा सिनुहे. लुबाडला गेलेला खुन-अनूप, जो न्यायासाठी नऊ वेळा दाद मागतो, आणि ज्याचे बोलणे इतके सुंदर असते, की राजा त्याला मुद्दाम ताटकळत ठेवून त्याची भाषणे लिहून घ्यायला सांगतो. गरिबाचे दुःख आणि दरबाराची रसिकता यांच्यातील हा क्रूर व्यवहार चार हजार वर्षांपूर्वी कोणी तरी ओळखला होता, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात चर्चेला आणण्याजोगी नाही काय? ‘गाथासप्तशती’ वाचलेल्याला देर अल-मदिनातली प्रेमगीते परकी वाटणार नाहीत. तरीही आमच्या जागतिक साहित्याच्या व्याख्यानांचा आरंभ होमरपासून होतो. सिनुहे होमरहून हजारभर वर्षांनी वडील आहे. एम.ए. होईपर्यंत आम्हांला त्याचे नावही कोणी सांगितले नाही, आणि पुढे अनेक वर्षे आम्हीही ते कोणाला सांगितले नाही. परग्रहवाल्यांवर आसूड ओढताना ही कबुली दिली नाही, तर ती लबाडी होईल. आपण रिकामी सोडलेली जागा त्यांनी भरली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सद्भावनेतून येईल. गूढामुळेच तर मुले या विषयाकडे वळतात. आधी ओढ लागू द्या, शहाणपण नंतर येईल. आमचा अनुभव उलट आहे. गूढाची चटक लागलेल्याला उत्तर नको असते, कारण उत्तर मिळाले की मजा संपते. म्हणून अज्ञात आणि गूढ यांत भेद केला पाहिजे. महापिरॅमिडच्या उतरंडी नेमक्या कशा रचल्या होत्या, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. ते अज्ञात. अज्ञात गोष्ट माणसाला फावडे उचलायला लावते, व्याकरण शिकायला लावते. गूढ त्याला खुर्चीत बसवून ठेवते.

आमची मागणी मोठी नाही. जागतिक साहित्याची ओळख करून देताना होमरच्या आधी दोन तासिका सिनुहे आणि खुन-अनूप यांना द्याव्यात. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. जाणत्यांनी ते मराठीत आणावेत. पदवीच्या मुलांपुढे एकदा तो गैरहजेरीचा पट ठेवावा आणि त्यातून गावाचे चित्र उभे करायला सांगावे. गद्य कसे वाचावे याचा याहून चांगला पाठ आम्हांला माहीत नाही. २०१२-१३च्या सुमारास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमकडून एक ममी प्रदर्शनासाठी आली होती. पुष्कळ मराठी कुटुंबे मुलांना घेऊन गेली. त्या माणसाचे नाव नेसपेरेन्नुब होते, तो कार्नाकच्या देवळात पुजारी होता, आणि हे नाव त्याच्या शवपेटीवर लिहिलेले होते. घरी परतलेल्या मुलांना विचारले, तर काय पाहिले याचे उत्तर एकच येई: ममी. पुढच्या वेळी निदान नाव तरी विचारावे.